ग्रामीण महाविद्यालयाच्या विंड बँडने होल्स्टचा पहिला सूट कसा बसवावा?

यवतमाळ जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या सांस्कृतिक विभागाचे काम पाहणाऱ्या प्राध्यापकांनी विचारले आहे, ते थोडक्यात असे. त्यांच्याकडे सुमारे तीस जणांचा बँड आहे. त्यात एनसीसीच्या बँडमधून आलेली मुले-मुली आहेत आणि तालुक्यातील लग्नाच्या बँडपथकांत वाजवणारे काही विद्यार्थीही आहेत. येत्या स्नेहसंमेलनाला जोडून विद्यापीठातील इतर महाविद्यालयांसमोर विंड बँडच्या, म्हणजे फुंकवाद्यांच्या बँडच्या, अभिजात रचनांचा एक कार्यक्रम करावा, असा त्यांचा मानस आहे. इंग्रज संगीतकार होल्स्टचा पहिला सूट (सूट म्हणजे अनेक भागांची वाद्यरचना), इंग्रज संगीतकार व्हॉन विल्यम्सचा लोकगीतांवरील सूट आणि अमेरिकन संगीतकार सूसाचा एक मार्च, म्हणजे संचलनाची रचना, अशी यादी त्यांनी कळवली आहे. सहकारी मात्र म्हणतात, "गावात हे कोण ऐकणार, सिनेमाची गाणी बसवा." बँडमध्ये हॉर्न हे पितळी वाद्य आणि ओबो व बासून ही वेताच्या पट्टीतून (रीडमधून) फुंकायची लाकडी वाद्ये नाहीत. अशा स्थितीत हा बेत धरावा की सोडावा, हा त्यांचा प्रश्न आहे.

सर, बेत धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या पत्रात श्रोत्यांची काळजी अधिक दिसते, पण खरी अडचण श्रोत्यांची नाही. झाडीपट्टीतील नाटक रात्रभर पाहणारा, खंजिरीच्या भजनाला तासन्‌तास बसणारा आपला विदर्भातील माणूस ऐकण्यात कमी पडत नाही. अडचण आहे ती बँडला हळू आणि लांब वाजवता येते का, ही. वरातीत आणि संचलनात वाजवणाऱ्या मुलांची फुंक दमदार असते आणि त्यांची लयही पक्की असते. परंतु मंद आवाजात एक सूर आठ मात्रा न हलवता धरणे आणि शेजारच्याच्या सुरात आपला सूर मिसळणे, याची गरज त्यांना कधी पडलेलीच नसते. अभिजात रचना उघड्या पडतात त्या याच ठिकाणी. म्हणून कार्यक्रमाची आखणी यादीपासून सुरू न करता एका रचनेपासून करावी आणि ती रचना होल्स्टचा पहिला सूट असावी. तो नीट बसला तर उरलेले सर्व त्याच्या मागोमाग येते.

काही गोष्टी आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. आपल्याकडे किमान चार-पाच क्लॅरिनेट आणि खालच्या सुरांसाठी एक सुझाफोन किंवा ट्यूबा असेल, तर पुढील सर्व सल्ला लागू पडेल. क्लॅरिनेट दोनच असतील, तर हा सूट यंदा बाजूला ठेवून मुख्यतः पितळी वाद्यांना झेपणारी लहान रचना घ्यावी. मुलांपैकी निम्म्यांना तरी स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचता येते का, हाही मोठा प्रश्न आहे. येत नसेल तर आणखी दोन-तीन महिने हाताशी धरावे लागतात. संख्येची चिंता मात्र करू नये. अमेरिकेत फ्रेडरिक फेनेल यांनी १९५२ मध्ये ईस्टमन विंड एन्सेम्बल उभे केले, त्यामागचा विचारच असा होता की एका पार्टला, म्हणजे एका वाद्यासाठी लिहिलेल्या ओळीला, शक्यतो एकच वादक असावा आणि प्रत्येकाचा सूर स्वच्छ ऐकू यावा. तीस जणांचा बँड या हिशेबाने पुरेसा आहे.

होल्स्टने हा ई-फ्लॅटमधील सूट १९०९ मध्ये लष्करी बँडसाठी लिहिला. त्या काळी लष्करी बँड बहुधा ऑपेरांच्या आणि ऑर्केस्ट्राच्या रचनांची रूपांतरे वाजवीत असत. खास बँडसाठी लिहिलेली इतक्या गंभीर वळणाची रचना हे नवलच होते. होल्स्ट स्वतः व्यावसायिक ट्रॉम्बोनवादक होता, त्यामुळे बँडच्या बाकावर बसून काय ऐकू येते आणि कुठे दम संपतो हे त्याला ठाऊक होते. आपल्या कामाची गोष्ट अशी की त्याने अनेक पार्ट ऐच्छिक ठरवले आहेत. प्रत्येक ठिकाणच्या बँडमध्ये सगळी वाद्ये नसतात हे गृहीत धरूनच त्याने लेखन केले. हॉर्न-ओबो नसलेल्या आपल्या बँडसाठी याहून सोयीची अभिजात रचना मला माहीत नाही.

पहिला भाग चकॉन आहे. आठ मापांची (माप म्हणजे ठरावीक मात्रांचा गट) एक धून खालच्या वाद्यांत, म्हणजे युफोनियम (लहान ट्यूबासारखे पितळी वाद्य) आणि ट्यूबामध्ये, एकटी सुरू होते. मग तीच धून पुन्हा पुन्हा येत राहते आणि तिच्या भोवतीची वाद्ये, जोर आणि रंग बदलत जातात. मध्यावर ती उलटीही होते, म्हणजे जिथे स्वर चढत होता तिथे उतरतो. हे श्रोत्यांना समजावून सांगावे लागत नाही. भजनात बुवा अंतरे बदलत जातात आणि मंडळी प्रत्येक वेळी धृपदावर परततात, त्याच कानाने हा भाग ऐकता येतो. मुलांनाही मी तो तसाच शिकवतो.

त्या धुनेचे पहिले तीन स्वर हेच या सूटचे बीज आहे. ई-फ्लॅटला षड्ज मानले तर ते सा, रे आणि वरचा ध असे येतात. ई-फ्लॅट म्हणजे आपली काळी दोन. म्हणून मी पहिल्या आठवड्यात वाद्ये पेटीतच ठेवतो, मोबाइलवर काळी दोनचा तानपुरा लावतो आणि सर्वांकडून ती आठ मापे गाऊन घेतो. मगच कागद हातात देतो. कोणाला कोणता स्वर दिसेल हे तेव्हाच सांगून टाकावे, कारण इथेच पुष्कळ गोंधळ होतो. हा एकच षड्ज क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटच्या कागदावर एफ असा दिसतो, अल्टो सॅक्सोफोनच्या कागदावर सी असा दिसतो आणि बासरीवाल्या मुलीला तो ई-फ्लॅटच दिसतो. सरगम येणाऱ्या मुलांना ही गोष्ट फळ्यावर एकदा मांडून दाखवली की नोटेशनची भीती बरीच कमी होते.

एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. दारव्ह्याकडच्या एका बँडपथकात वाजवणारा मुलगा माझ्याकडे युफोनियमवर होता. वर्षानुवर्षे जनरेटरच्या गाडीपुढे चालत वाजवल्याने त्याचे गाल फुगत आणि सूर सुरुवातीलाच फुटत असे. या तीन स्वरांची बोटे अगदी सोपी आहेत. पहिला पिस्टन, मग मोकळे, मग पुन्हा पहिला पिस्टन. तरीही तिसरा स्वर, तो धैवत, दर वेळी किंचित उतरत होता. वाद्याच्या नळीतील पाचव्या उपस्वरावर (त्याच बोटांनी, ओठ बदलून निघणाऱ्या स्वरांपैकी पाचव्यावर) तो पडतो आणि तो उपस्वर मुळातच जरा खाली राहण्याकडे कल ठेवतो. मी त्याला वाद्य मांडीवर ठेवून तानपुऱ्याबरोबर गायला लावले. घरी भजनी मंडळ असल्यामुळे त्याचा गाण्यातला धैवत बिनचूक लागला. लगेच वाद्य उचलून वाजवले, तेव्हा आपला सूर खाली आहे हे त्याचे त्यालाच कळले आणि त्याने ओठांनी तो वर घेतला. ट्यूनरच्या काट्याकडे पाहून ही गोष्ट इतक्या लवकर साधत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की ट्यूनर बँडमास्तरांच्या खिशात राहावा आणि मुलांच्या कानावर तानपुरा राहावा.

दुसरा भाग इंटरमेझो. तो जलद, हलका आणि नेमका आहे. वरातीच्या सवयीने मुले प्रत्येक स्वरावर जोर देतात आणि हा भाग जड होऊन बसतो. इथे जीभ माउथपीसला किंवा रीडला जेमतेम लागली पाहिजे. अर्ध्या गतीत, पण पूर्ण हलकेपणाने सराव घ्यावा आणि गती सर्वांत शेवटी वाढवावी. तिसरा भाग मार्च आहे. त्यात आधी पितळी वाद्यांची ठाशीव धून येते, मग क्लॅरिनेटची गाती धून येते आणि अखेरीस दोन्ही एकत्र वाजतात. आपल्या मुलांना हा भाग सर्वांत आधी आवडेल. सरावही त्यापासून सुरू करायला हरकत नाही, पण सरावाचा निम्मा वेळ मात्र चकॉनलाच द्यावा.

नसलेल्या वाद्यांचे काय करावे, यावर माझा अनुभव असा. हॉर्नचे पार्ट अल्टो सॅक्सोफोनवर चांगले बसतात. ते कधी ई-फ्लॅटमध्ये तर कधी एफमध्ये छापलेले मिळतात. ई-फ्लॅटमधील पार्ट अल्टोवर जसेच्या तसे वाजतात, एफमधील पार्ट एक पूर्ण स्वर वर लिहून घ्यावे लागतात. मात्र सॅक्सोफोनचा आवाज हॉर्नपेक्षा पुढे येतो, म्हणून वादकांना मागच्या रांगेत बसवावे. ओबोची वाक्ये बासरी किंवा म्यूट (आवाज दाबणारी टोपी) लावलेल्या ट्रम्पेटकडे द्यावीत. बासूनची वाक्ये बहुतेक वेळा दुसऱ्या युफोनियमकडे जातात. इंटरमेझोमध्ये डबल बेस या मोठ्या तंतुवाद्याचा ऐच्छिक पार्ट आहे. तो कोणत्याही पितळी वाद्यावर वाजवू नये, वगळावा, अशी सूचना होल्स्टनेच दिली आहे. सुझाफोनवाल्याला रिकामे बसवत नाही म्हणून तो पार्ट त्याच्या हाती देण्याचा मोह होतो, तो टाळावा.

आता आपल्या यादीविषयी. सूसाचा १८९६ मधील 'स्टार्स अँड स्ट्राइप्स फॉरेव्हर' आपण सुचवला आहे. त्यातील पिकोलोची (लहान, उंच सुराच्या बासरीची) वरची नक्षी हीच त्याची ओळख आहे. पिकोलो वाजवणारे कोणी नसेल तर तो घेऊ नये. बांबूच्या बासरीवर ती जागा भरून काढण्याचे प्रयत्न मी ऐकले आहेत. बासरीवादक उत्तम असला तरी अख्ख्या पितळी ताफ्यावर तिचा आवाज चढत नाही. त्याऐवजी इंग्रज संगीतकार आल्फर्डचा १९१४ मधील 'कर्नल बोगी' हा मार्च घ्यावा. तो आटोपशीर आहे, थोड्या वादकांत शोभतो आणि सुरुवातीला वाजवला की ओठ तापतात. त्यानंतर व्हॉन विल्यम्सचा १९२३ मधील लोकगीतांचा सूट. त्याच्या मधल्या भागात ओबोचे एकल आहे, ते आपल्या सर्वांत संयमी ट्रम्पेटवादकाकडे द्यावे. सर्वांत जोरकस वादक तिथे नको. मग छोटी विश्रांती आणि शेवटी होल्स्ट. निव्वळ वादन अर्ध्या तासाच्या आत संपते आणि ते पुरेसे आहे. तरुण ओठ त्यापुढे थकतात. थकलेल्या ओठांनी वाजवलेले राष्ट्रगीत सर्वांनाच टोचते आणि ते तर शेवटीच यायचे असते. सिनेमाची गाणी स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशी अवश्य ठेवा, त्यांना माझा विरोध नाही. एकाच संध्याकाळी ठेवली तर मुलांची फुंक पुन्हा वरातीच्या वळणावर जाते, एवढ्यासाठी नको म्हणतो.

वेळापत्रक आपल्याकडच्या शेतीला आणि लग्नसराईला धरूनच आखावे लागते. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन निघते आणि पाठोपाठ कापसाची वेचणी सुरू होते. त्या दिवसांत खेड्यावरून येणारी मुले पूर्ण संख्येने मिळत नाहीत आणि त्यांना त्याबद्दल बोलणेही योग्य नाही. पोळा आणि गणपती आटोपले की वाद्यनिहाय छोटे गट करून सराव सुरू करावा. तुळशीच्या लग्नानंतर बँडपथकांतील मुले लग्नांत गुंततात, मध्ये हिवाळी परीक्षा येतात. पौषात मात्र लग्ने नसतात, बँडवाले मोकळे असतात. पूर्ण बँडचा एकत्र सराव मी नेहमी पौषातच घेतो आणि कार्यक्रम जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात ठेवतो. त्यानंतर ऊन चढते आणि उन्हाळी परीक्षा जवळ येतात.

वाद्यांची तपासणी सराव सुरू होण्यापूर्वीच करावी. आपल्याकडे पिस्टनला खोबरेल तेल लावण्याची सवय फार आहे. ते तेल २४ अंशांच्या आसपास गोठू लागते. म्हणजे दुपारी पिस्टन सुरळीत चालतात आणि हिवाळ्याच्या संध्याकाळी, ऐन कार्यक्रमात, अडकतात. सर्व पिस्टन कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन व्हॉल्व्ह ऑइलच वापरावे. क्लॅरिनेटच्या रीड कोरड्या हवेत वाकतात, त्यामुळे प्रत्येक वादकाने तीन-चार रीड आलटूनपालटून वाजवाव्यात आणि सपाट डबीत बंद ठेवाव्यात. जुनी वाद्ये असतील तर त्यांवर एचपी (हाय पिच) असा शिक्का आहे का ते पाहावे. तो जुन्या ब्रिटिश उंच पट्टीचा शिक्का आहे, जिथे ए हा स्वर ४४० ऐवजी सुमारे ४५२ कंपनांवर असे. असे वाद्य स्लाइड (सूर जुळवण्याची सरकती नळी) कितीही ओढली तरी इतरांशी नीट जुळत नाही, त्याच्यावर वेळ घालवू नये.

जागेचा विचार रंगमंचाच्या सजावटीपेक्षा आधी व्हावा. पत्र्याचे छत असलेल्या सभागृहात आवाज घुमतो आणि इंटरमेझोचे स्वर एकमेकांत मिसळून जातात. उघड्या मैदानात उलट होते. आवाज परत येतच नाही आणि चकॉनच्या मधल्या शांत भागातली एकल वाक्ये हवेत विरतात. माझी पसंती महाविद्यालयाच्या इमारतीच्या भिंतीला पाठ करून, व्हरांड्यासमोर बँड बसवण्याला आहे. पक्की भिंत आवाज पुढे ढकलते. साउंडवाल्याला प्रत्येक वाद्यापुढे माइक लावू देऊ नका. बँडपासून काही अंतरावर, उंचावर दोन माइक पुरतात. कागद उडू नयेत म्हणून कपड्यांचे चिमटे जवळ ठेवावेत.

सूर मिळवणे हा जागेइतकाच हवामानाचाही भाग आहे. तापमान १ अंशाने बदलले की हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ०.६ मीटरने बदलतो आणि त्याबरोबर फुंकवाद्यांची पट्टी चढते किंवा उतरते. जानेवारीत आपल्याकडे दुपार आणि रात्र यांत दहा अंशांचा फरक सहज पडतो. दुपारी तीनला सूर मिळवून रात्री आठला वाजवायला बसलात, तर पट्टी खाली आलेली असते आणि तीही प्रत्येक वाद्याची सारखी नसते. म्हणून कार्यक्रमापूर्वी पंधरा मिनिटे सर्वांनी वाद्यांत नुसती ऊब भरावी, लांब सूर धरावेत, मग ट्यूबापासून वर चढत सूर मिळवावेत. विश्रांतीनंतर हे पुन्हा करावे. या कामाला श्रोत्यांसमोर लाजू नये, तबला जुळवताना कोणी लाजत नाही.

निवेदन थोडके असावे, पण असावे. होल्स्टबद्दल सांगण्यासारखी एक गोष्ट आपल्या श्रोत्यांच्या अगदी जवळची आहे. हा इंग्रज संगीतकार धडपड करून संस्कृत शिकला. ऋग्वेदातील सूक्तांची भाषांतरे त्याने स्वतः केली आणि त्यांना संगीत दिले. महाभारतातील सावित्रीच्या कथेवर त्याने छोटा ऑपेरा लिहिला आणि कालिदासाच्या मेघदूतावरही गायकवृंद व ऑर्केस्ट्रासाठी रचना केली. मेघदूतातील रामगिरी म्हणजे आपले रामटेक, अशी आपल्याकडची धारणा आहे. ज्या माणसाने त्या यक्षाचा निरोप आपल्या संगीतात घेतला, त्याचीच बँडसाठीची रचना यवतमाळची मुले वाजवत आहेत, एवढे निवेदकाने साध्या शब्दांत सांगावे. त्यानंतर युफोनियमवाल्या मुलाला उभे करून ते तीन स्वर एकट्याने वाजवायला लावावेत, म्हणजे श्रोत्यांच्या कानात बीज पडते आणि ती धून परतली की ते ओळखतात.

नोटेशनविषयी आपण खर्चाची चिंता व्यक्त केली आहे. भारतात संगीतरचनेचा स्वामित्वहक्क संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षे चालतो. होल्स्ट १९३४ मध्ये, आल्फर्ड १९४५ मध्ये आणि व्हॉन विल्यम्स १९५८ मध्ये वारले, म्हणून या तिघांच्या मूळ रचना आता मुक्त आहेत आणि जुन्या छापील प्रती इंटरनेटवरील सार्वजनिक संग्रहांत मिळतात. अलीकडच्या संपादित आवृत्त्या मात्र विकत घ्याव्या लागतात. पैसे असतील तर होल्स्टची तेवढी नवी संपादित प्रत घ्यावी, जुन्या पार्टमध्ये छपाईच्या चुका आढळतात आणि त्या शोधण्यात सरावाचे दिवस जातात.

शेवटचा आपला प्रश्न दोन भागांच्या मध्ये टाळ्या पडल्या तर काय करावे, हा होता. तिन्ही भाग एकाच स्वरवाक्यावर उभे आहेत, म्हणून सूट मध्ये न थांबता सलग वाजवावा, अशी होल्स्टची लेखी विनंती आहे. चकॉनचा शेवट मोठ्या आवाजात होतो, त्यामुळे आपल्याकडे टाळ्या येणारच आणि त्या मनापासूनच्या असतील. त्या थांबवण्यासाठी निवेदकाने काही बोलू नये. आपण श्रोत्यांकडे वळू नका, हात वरच ठेवा, मुलांच्या नजरा आपल्यावर राहू द्या आणि टाळ्या ओसरू लागताच इंटरमेझोची गती हातात द्या.